दादाचा रिपोर्ट नंतर, आधी आईची तपासणी

डॉक्टर, मी तासगाव तालुक्यातली, वय ४८. घरची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचा हिशेब मीच बघते. माहेर कोरेगाव तालुक्यात. आई ७४ वर्षांची, धाकट्या भावाकडे असते. दोन वर्षांपासून ती फार विसरते. एकच गोष्ट दहादा विचारते, आमटीत दोनदा मीठ घालते. मागच्या महिन्यात देवळातून घरी येताना वाट चुकली. भावजयीने पैसे चोरले असं म्हणते. आईची आईसुद्धा पंच्याहत्तरीनंतर अगदी लहान मूल झाली होती. पुण्याच्या दादाने थुंकीवरून होणारी जनुकीय तपासणी करून घेतली. त्यात एपीओई-४ या जनुकप्रकाराची एक प्रत निघाली आणि अल्झायमरचा ‘धोका तिप्पट’ असं लिहून आलं. त्याने तो रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला आणि आम्हा दोघी बहिणींनाही तपासणी करायला सांगतोय. परवा सौद्यात ओळखीच्या व्यापाऱ्याचं नाव आठवेना, तेव्हा माझे हातपाय गार पडले. मुलीला स्थळं बघतोय. एका पाहुण्यांनी ‘तुमच्याकडे वेडाचं काही आहे का’ असं विचारलं. तपासणी करू का? मलाही हे होणार का? मुलीचं काय?

— एक वाचक, तासगाव

तुमच्या पत्राची पाच पानं आहेत. वरचा मजकूर त्यातल्या पहिल्या चार पानांचा सारांश आहे. पाचव्या पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहाव्यात तशा काही ओळी आहेत, आणि माझ्या दृष्टीने पत्र तिथे सुरू होतं. तुम्ही लिहिता: आईला बारा वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. ती माळकरी आहे. वडील गेल्यापासून मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी घेते. ऐकू कमी येतं, टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा लावते. दिवाळीत मोरीत घसरली, डोक्याला टेंगूळ आलं होतं. डॉक्टरांना दाखवलं नाही, वयाचंच आहे म्हणून.

थोडक्यात, दादाची थुंकी प्रयोगशाळेत जाऊन आली, आणि आईच्या बोटाला साधी सुई लागलेली नाही. हे टोमणा मारायला लिहीत नाही. आपल्याकडे सातारा-सांगलीत घरोघरी हेच चालतं. म्हातारं माणूस विसरायला लागलं की ‘वय झालं’ म्हणायचं आणि तरण्यांनी आपापल्या काळजीत पडायचं. पण आईचं विसरणं अल्झायमरचंच आहे हे अजून कुणीही ठरवलेलं नाही. तुम्ही, दादा आणि ते पाहुणे, सगळ्यांनी ते परस्पर ठरवून टाकलंय.

त्या ओळींत काय काय दडलंय ते बघा. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की काही जणांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. माळकरी माणसाच्या ताटात मांस-मासळी-अंडी नसतात, म्हणजे बी-१२ येणार ते दुधा-दह्यातून, आणि या वयात दूध किती जण पितात? दोन्ही बाजूंनी तोटा. बी-१२ फार कमी झालं की विसराळूपणा येतो, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, स्वभाव चिडचिडा होतो. मोरीत पडण्याचं कारणही यात असू शकतं. हे रक्ताच्या एका साध्या तपासणीत कळतं आणि इंजेक्शनं किंवा गोळ्यांनी भरून काढता येतं. मात्र वेळेत. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर झालेलं सगळं नुकसान परत फिरत नाही.

झोपेची गोळी ही दुसरी गोष्ट, आणि माझा खरा संशय तिच्यावर आहे. गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या या गोळ्यांतल्या बऱ्याचशा एकाच जातीच्या असतात. तरुण माणसाला त्या झोपवतात, म्हाताऱ्या माणसाला दिवसाही धुक्यात ठेवतात. विसरणं, गोंधळणं, पडणं हे सगळं त्यांच्याने वाढतं. सर्दीच्या, खाजेच्या, लघवीच्या काही गोळ्यांचंही तसंच. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आईच्या उशाखालच्या, फळीवरच्या, डब्यातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. चूर्णं आणि काढेसुद्धा. नुसती यादी चालणार नाही, आख्खी पिशवीच हवी.

आणि ते टेंगूळ. उतारवयात डोक्याला मार लागला की कवटीच्या आत, मेंदूच्या वर, रक्त हळूहळू साठू शकतं. त्या दिवशी काही वाटत नाही. काही आठवड्यांनी माणूस सुस्त होतं, जास्त विसरतं, एक पाय ओढत चालतं. तुमच्या आईचं विसरणं पडण्याच्या आधीपासूनचं आहे, त्यामुळे सगळा दोष पडण्यावर टाकता येणार नाही. पण वाट चुकणं हे दिवाळीनंतरचं आहे. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये असं रक्त दिसतं आणि गरज पडली तर ते काढता येतं. यात मात्र ‘हंगाम उरकला की बघू’ नको. सुस्ती, उलटी, सारखी डोकेदुखी किंवा एका बाजूला अशक्तपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

थायरॉइड, सोडियम, हिमोग्लोबिन, किडनी, शुगर या नेहमीच्या तपासण्या डॉक्टर सांगतीलच. शुगर जास्त आहे का हे सगळे बघतात, पण या वयात ती वारंवार खूप खाली जाते का हेही विचारा. शिवाय एक प्रश्न जो आपण आईवडिलांबद्दल विचारतच नाही: वडील गेल्यावर आई खचली आहे का? म्हातारपणातलं नैराश्य रडून दाखवत नाही. ते गप्प बसतं, जेवण कमी करतं, ‘आठवत नाही’ म्हणून उत्तर द्यायचं टाळतं. त्यावर औषध आहे आणि ते बऱ्याच जणांना लागू पडतं.

कुठे न्यायचं? साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय तुमच्या भावाला जवळ. तुम्हाला मिरज जवळ, आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, खासगी मेंदूविकारतज्ज्ञही आहेत. सुरुवात गावच्या नेहमीच्या फिजिशियनपासून केलीत तरी माझी हरकत नाही, रक्ततपासण्या तेही लिहून देतील.

जाताना एक सांभाळा. स्मरणशक्ती तपासताना शंभरातून सात-सात वजा करा, वाक्य लिहून दाखवा असं विचारलं जातं. आईची शाळा चौथीत सुटली असं तुम्ही लिहिलंय. ते डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर शिक्षणाची कमतरता आजाराच्या खात्यात पडते. ही अडचण जुनी आहे. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास झाला, तेव्हा न शिकलेल्यांनाही देता येईल अशी चाचणी संशोधकांना हिंदीत नव्याने बसवावी लागली होती. आईला बाजाराचा हिशेब, सणवार, नातवंडांची नावं विचारली तर खरं चित्र दिसेल. आणि तिच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका. मुली हे हटकून करतात.

हे सगळं करूनही निदान अल्झायमरचं किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचं निघू शकतं. तुम्हाला खोटी आशा लावत नाही. देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मृती आणि बुद्धी ढासळत जाण्याचा विकार, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, आणि प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त. तुमच्या आईसारख्या बायका प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याकडे नुसतं ‘म्हातारी चळली’ म्हणून पाहिलं जातं, एवढंच.

आता दादाच्या कागदाकडे येते.

एपीओई हे जनुक सगळ्यांकडे असतं, दोन प्रतींत, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्याचं काम शरीरात आणि मेंदूत चरबीयुक्त पदार्थांची ने-आण करणारं एक प्रथिन बनवणं. त्याचे ई-२, ई-३ आणि ई-४ असे तीन मुख्य प्रकार. २९९ दुव्यांच्या या प्रथिनात फक्त ११२व्या आणि १५८व्या जागी फरक असतो, आणि एवढ्याशा फरकाने सगळं रामायण घडतं. ई-४ असलेल्या मेंदूत अमायलॉइड नावाचा चिकट कचरा कमी साफ होतो, असं दिसतं. अल्झायमरशी त्याचं नातं १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं आणि ते पुढे पुन्हा पुन्हा सिद्ध झालं. तेव्हा दादाचा कागद थोतांड नाही.

पण ‘तिप्पट’ म्हणजे कशाच्या तिप्पट, हे त्या कागदावर ठळक अक्षरात नसतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपीय वंशाच्या लोकांवरच्या एका हिशेबात वयाच्या ८५व्या वर्षापर्यंत अल्झायमर होण्याची शक्यता सरसकट पुरुषांत ११ टक्के आणि स्त्रियांत १४ टक्के धरली होती. ई-४ची एक प्रत असेल तर पुरुषांत २३ आणि स्त्रियांत ३०. दोन प्रती असतील तर मात्र निम्म्याहून जास्त. म्हणजे दादासारखी एक प्रत असलेल्या शंभर पुरुषांपैकी सत्याहत्तर जण त्या हिशेबाप्रमाणे पंच्याऐंशीपर्यंत या आजाराविना जातात. उलट ई-४ची एकही प्रत नसलेल्या अनेकांना अल्झायमर होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर चार दिवस ढगाळ हवा पडली की द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा धोका वाढतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण कुठल्या बागेत येणार, कुठला घड जाणार, हे नुसत्या हवेवरून कोण सांगतं? म्हणून तर तुम्ही रोज पानं उलटून बघता.

शिवाय हे आकडे तिकडच्या माणसांचे. ई-४चा परिणाम जगभर सारखा दिसत नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो सौम्य दिसतो, जपान-चीनकडे जास्त. बल्लभगढच्याच अभ्यासात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली, तेव्हा हरियाणाच्या खेड्यांत ई-४ मुळातच कमी सापडला आणि अल्झायमरही फार कमी. दोघांतलं नातं मात्र तिथेही दिसलं. दादाच्या रिपोर्टमधलं ‘तिप्पट’ कोरेगावच्या माणसाला तंतोतंत लागू आहे असं छातीठोकपणे म्हणावं, इतका आपल्याकडच्या लोकांचा अभ्यास झालेला नाही.

आणखी एक गंमत तुमच्या घरात कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. दादाची ई-४ची प्रत आईकडूनच आली असं कशावरून? ती वडिलांकडूनही आलेली असू शकते, आणि वडील, तुम्ही लिहिता त्याप्रमाणे, एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत सोसायटीचे व्यवहार तोंडपाठ सांगत होते. दादाला मिळालेली प्रत तुम्हाला मिळालीच असेल असंही नाही. ज्या पालकाकडे एकच प्रत होती, त्याच्याकडून ती तुमच्याकडे येण्याची शक्यता निम्मी. आजीचं म्हणाल, तर त्या काळी तिचं निदान कुणी केलं होतं? अर्धांगाचे छोटे झटके येऊनही माणूस तसंच ‘लहान’ होतं.

ज्यात जनुक जवळजवळ निकालच लावतं असा अल्झायमर आहे, पण तो वेगळा. एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या जनुकांतल्या दोषांमुळे येणारा. त्यात प्रत्येक अपत्याला दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते आणि आजार बहुधा साठीच्या आतच, कधी चाळिशीतच सुरू होतो. एकूण रुग्णांत असे शंभरात एकाहून कमी. तुमच्या आजीचं पंच्याहत्तरीनंतर, आईचं बहात्तरीत सुरू झालं. तुमच्या घराण्याचा नमुना तो नाही. एखाद्या घरात पिढ्यान् पिढ्या पंचेचाळीस-पन्नाशीत माणसं विसरायला लागली असती, तर मी स्वतः म्हटलं असतं, जनुकीय समुपदेशकाला भेटा आणि तपासणीचा विचार करा.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. तपासणी करू नका. निदान आत्ता नको, आणि दादाच्या धाकाने तर मुळीच नको. कारण उत्तर काहीही आलं तरी तुम्ही करायच्या गोष्टी त्याच राहतात. ‘आहे’ आलं तर नाव विसरण्याच्या प्रत्येक प्रसंगी जीव उडेल, ‘नाही’ आलं तर खोटी निर्धास्ती येईल. यातलं पहिलं माझ्या कल्पनेतलं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ई-४ असलेल्या ज्येष्ठांचे दोन गट होते. एकाला आपला निकाल माहीत होता, दुसऱ्याला नव्हता. जनुक तेच. पण माहीत असलेल्यांनी आपली स्मरणशक्ती जास्त वाईट असल्याचं सांगितलं, आणि शब्दांच्या स्मरणचाचणीत त्यांना गुणही कमी पडले. रामराम करताना एखाद्या व्यापाऱ्याचं नाव अडलं तर तुम्हाला काय होईल, याचा अंदाज घ्या.

दुसरी बाजूही सांगते. नीट समुपदेशन करून, माणसाने स्वतः मागितल्यावर निकाल सांगितला तर बहुतेक जण सावरतात, मोठी मानसिक पडझड होत नाही, असंही अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं. फरक ‘स्वतः मागितल्यावर’ आणि ‘समुपदेशन करून’ या दोन गोष्टींत आहे. ग्रुपवर, गुड मॉर्निंगच्या दोन फुलांच्या मधे, यातलं काहीच नव्हतं. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन यांचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, २००७ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यांनी एवढं एकच जनुक त्यातून वगळायला लावलं होतं. त्यांच्या आजीला अल्झायमर होता आणि त्यांना आपला निकाल जाणून घ्यायचा नव्हता. तेव्हा ‘मला बघायचं नाही’ म्हणणं अडाणीपणाचं आहे असं दादा म्हणाला, तर हे उदाहरण त्याच्या तोंडावर फेका. दादाचं वाईट नाही हो, घाबरलाय तो. पण आपला निकाल जाहीर करताना तो भावंडांच्या आणि भाचरांच्या अंगातलंही थोडंसं जाहीर करतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. तुम्हीच सांगा, फोनवर, ग्रुपवर नको.

एका बाबतीत ही तपासणी खरोखर उपयोगी आहे. मेंदूतलं अमायलॉइड कमी करणारी लेकॅनेमॅब, डोनानेमॅबसारखी नवी इंजेक्शनं आली आहेत. ती अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, आजार थोडा मंदावतात, बरा करत नाहीत, आणि त्यांच्याने मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो. ई-४च्या दोन प्रती असणाऱ्यांत हा धोका सर्वांत जास्त, म्हणून ते औषध देण्याआधी डॉक्टर हे जनुक बघतात. आईच्या बाबतीत तो प्रश्न आलाच तर तेव्हा बघू.

तुमचं स्वतःचं? चौथ्या पानावर एक वाक्य आहे: ‘माझं बीपी थोडं असतं, पण गोळी अजून सुरू केली नाही, एकदा सुरू झाली की सुटत नाही म्हणतात.’ अहो! ज्या गोष्टीची भीती आहे तिच्यासाठी रात्र-रात्र जागता, आणि जी हातात आहे ती टाळता. चाळिशी-पन्नाशीतला रक्तदाब हा पुढच्या डिमेन्शियाच्या पक्क्या कारणांपैकी एक आहे. वरचा आकडा १३०च्या आसपास किंवा त्याखाली ठेवा असं तज्ज्ञ सांगतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येतील अशी चौदा कारणं मांडली. त्यात रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, बहिरेपण, न सुधारलेली नजर, नैराश्य, एकटेपणा, कमी शिक्षण, धूम्रपान अशी सगळी मंडळी आहेत. या सगळ्यांचा बंदोबस्त झाला तर जगातल्या जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शियाला अटकाव करता येईल किंवा तो लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज. तो अख्ख्या लोकसंख्येचा आहे, एकट्या माणसाची हमी नाही. तरी ई-४वाल्यांसाठी एक दिलासा आहे. फिनलंडमध्ये साठी-सत्तरीतल्या १,२६० लोकांवर दोन वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-शुगरवर लक्ष असा सगळा कार्यक्रम एकत्र दिला, बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. कार्यक्रमवाल्यांची बुद्धी चाचण्यांत जास्त चांगली राहिली, आणि पुढे तपशिलात पाहिल्यावर ई-४ असणाऱ्यांनाही फायदा झाल्याचं दिसलं.

त्यांचं फिनलंडी जेवण तुम्हाला नको. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, शेंगदाणे चालू द्या, पापड-लोणचं आणि फरसाणातलं मीठ आवरा. बागेत फिरणं म्हणजे व्यायाम, असं तुम्ही म्हणाल. खुरपायला किंवा विरळणीला जात असाल तर खराच, पण मजुरांवर देखरेख करत बांधावर उभं राहणं नाही.

आणि सौद्यात नाव अडलं, त्याचं. अठ्ठेचाळिशीत, पाळी अनियमित, झोप नाही, डोक्यात मुलीचं लग्न आणि बेदाण्याचे दर. यात नाव अडलं नसतं तरच नवल. नाव अडून थोड्या वेळाने आठवलं तर सोडून द्या. रोजचा हिशेब जमेनासा झाला, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ झाला, किंवा तुमच्याआधी घरच्यांना फरक जाणवला, तर दाखवायला या.

मुलीच्या स्थळाचं मला रागानेच लिहावंसं वाटतं. पाहुण्यांनी ‘वेडाचं’ विचारलं तर खोटं बोलू नका, पण घाबरून खुलासेही करत बसू नका. ‘तिच्या आजीला ७४व्या वर्षी विसरायला होतं, औषधपाणी चालू आहे’ एवढं पुरे. तेवढं खरं होण्यासाठी औषधपाणी चालू करा, म्हणजे झालं. मुलीची तपासणी करून रिपोर्ट पाहुण्यांना दाखवायचा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाका. ती तेवीस वर्षांची आहे, करायची की नाही हे तिचं ती ठरवेल. आणि विचारणाऱ्यांच्या घरात शुगर किती जणांना आहे, हे तुम्ही विचारलंत का? डिमेन्शियाच्या हिशेबात ती पण मोजली जाते.

आता ज्या बाईबद्दल पत्रात एकच वाक्य आहे, तिच्याबद्दल. तुमची भावजय. आई तिला चोर म्हणते. या आजारांत हे फार वेळा दिसतं: वस्तू ठेवलेली आठवत नाही, मग जो जवळ असतो, जो सगळं करतो, त्याच्यावरच आळ येतो. आईशी वाद घालून, शपथा घालून उपयोग नाही. ‘चला, शोधूया’ म्हणायचं, शोधायचं, सापडलं की तिच्या हातात द्यायचं. आईच्या लपवायच्या दोन-तीन ठरलेल्या जागा असतील, त्या भावजयीला एव्हाना पाठ असतील. नातेवाइकांत मात्र हे एकदा स्पष्ट बोलून टाका की चोरी वगैरे काही नाही, आजाराचं आहे. ते तुम्ही, लेकीने, बोललात तर त्याला वजन येईल. आणि माहेरी गेल्यावर सूचना देऊ नका. हंगाम संपला की आठ दिवस तिथे राहा आणि तिला तिच्या माहेरी पाठवा. आईला तासगावला आणायचा मोह होईल, पण विसरणारं माणूस नव्या घरात जास्त गोंधळतं, रात्री संडास सापडत नाही. तुम्हीच जा. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, भावजयीच्या फोनमध्ये घालून ठेवा. तिचंच मन थाऱ्यावर नसेल तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आहे.

कानांचं राहिलं. कान तपासून घ्या, मळ असेल तर तो आधी निघू दे. अमेरिकेत सत्तरीपुढच्या लोकांवर श्रवणयंत्राचा प्रयोग झाला, २०२३ मध्ये निकाल आला. सरसकट सगळ्यांत तीन वर्षांनंतर फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांची घसरण यंत्रामुळे बरीच मंदावली. बाकी काही नाही तरी आईला हरिपाठ ऐकू येईल, देवळात जाऊन मुकं बसायला लागणार नाही.

कागदपत्रांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. जमीन आणि बँकेतली ठेव आईच्या नावावर आहे असं दिसतं. आईला समजतंय तोवर तिच्या इच्छेने मृत्युपत्र, बँकेतलं नामनिर्देशन, जोडखातं उरकून घ्या. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्याच दिवसाचा, आईला समज आहे असा डॉक्टरांचा दाखला जोडला तर पुढची भांडणं टळतात. ‘मुखत्यारपत्र करून ठेवू’ असं दादा म्हणेल, पण आपल्या करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा ती कामाची राहत नाही. वकिलाला आधी विचारा. आणि हे करताना कुणी तुमच्यापुढे हक्कसोड सरकवली तर त्या दिवशी सही करू नका, ते काम वेगळं आणि वेगळ्या वेळेचं.

आज फक्त भावजयीला फोन करा. आईच्या झोपेच्या गोळीचं पाकीट शोधून त्याचा फोटो मागवा, आणि किती दिवसांपासून, रोज किती, हे विचारून घ्या. गोळी आज लगेच बंद करू नका. खूप दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली तर झोप पूर्ण उडते, घाम येतो, हात थरथरतात, कधी फिटही येते. ती कशी उतरवायची हे डॉक्टर ठरवतील. फोटो आणि पिशवी घेऊन याच आठवड्यात जा.